सहाव्या माळेला पाय गेले

एमआरआयची फिल्म उजेडाच्या डब्यावर लावत पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "ताई, हा पॉट्स स्पाइन आहे. म्हणजे मणक्याचा टीबी."

मी म्हटलं, "सायेब, मला तर खोकला बी न्हाई."

"टीबी फक्त छातीत होत नाही. इथं पू झालाय आणि तो पायांच्या नसांवर दाब देतोय. अठरा महिने गोळ्या घ्यायच्या. आणि मी सांगेपर्यंत पाठीवर झोपून राहायचं, बसायचंसुद्धा नाही."

पाय परत चालतील का, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "चालतील असं वाटतं. पण कधी, ते मला सांगता येणार नाही." टीबी ऐकून मी रडले नाही. त्या 'कधी'ला उत्तर नाही म्हटल्यावर मात्र रडू आवरेना.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आमचं गाव आळेफाट्याजवळ, शेती कांद्या-बाजरीची. पाठ सहा महिने दुखत होती, पण कांदा काढताना पाठ कुणाची दुखत नाही? मग चप्पल पायातून निसटायला लागली. मी दहा पावलं पुढं जायची आणि मागून कोणीतरी सांगायचं, अगं, तुझी चप्पल राहिली. मला कळलेलंही नसायचं. पुढं तर कुणी धरल्याशिवाय दोन पावलंही टाकता येईनात. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं असं होत असेल तर बाम चोळत बसू नका. आधी डॉक्टर गाठा.

पुण्यात बायोप्सी केली. म्हणजे सुईनं मणक्यातला बारीक तुकडा काढून तपासतात. दुखणं एवढं नसतं, रिपोर्टची वाट बघणं जास्त दुखतं. टीबीच निघाला. घरी आल्यावर बिछाना कडक हवा म्हणून ह्यांनी गोठ्याचं दार काढून बाजेवर टाकलं. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की लघवी लाल व्हायची. पहिल्या दिवशी मी घाबरून मेले. तो गोळीचाच रंग असतो, रक्त नव्हे, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

माझा स्वभाव मुळात उतावळा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण आमच्या घरात नवरीला लागू आहे, असं हे म्हणतात. दोन महिन्यांत पाठ दुखायची थांबली, पायांत थोडी ताकद आली आणि मला वाटलं, झालं. तेवढ्यात नवरात्र आलं.

आमच्याकडं घटाला पाणी घालायचा मान सुनेचा. परडीत माती, मातीत सात धान्यं, मधोमध घट, आणि रोज वर एक माळ चढते. मी नवस बोलले की नऊ दिवस घटापुढं बसेन, पाण्याशिवाय काही घेणार नाही, देवी मला दसऱ्याला चालवेल. उपवासात औषध चालत नाही, म्हणून गोळ्याही बंद केल्या. हे ओरडले, मी ऐकलं नाही. देवाच्या कामात डॉक्टर कशाला, असं मी म्हटलं.

सहाव्या माळेला पाणी घालून उठायला गेले आणि कमरेखाली काहीच नव्हतं. पाय समोर दिसत होते, पण माझे नव्हते.

पुण्याचे डॉक्टर चिडले. "गोळ्या सोडल्यात, वर नऊ-नऊ तास बसलात. आता तीन-चार महिने बघू. फरक पडला नाही तर ऑपरेशन, आणि त्यातून पाय येतीलच अशी खात्री नाही."

घरी आल्यावर मी देवीला नको नको ते बोलले. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, घट उठवून आलेल्या. त्यांनी परडी माझ्या बाजेवर आणून ठेवली. धान वीतभर वाढलेलं, पिवळंधमक.

"सुमन, ह्ये बग. माती घातली, धान टाकलं, पानी घातलं. आपलं काम तेवडंच व्हतं. वर काडायचं काम तिचं. ते कवा काडायचं, ते बी तिचंच. तू तिचं काम करायला निघालीस, आन तुजं काम इसरलीस."

"माजं काय काम व्हतं, आत्या?"

"गोळी खायाचं. आन गप पडायचं."

मला हसू आलं आणि रडूही. त्या दिवसापासून गोळी आत्यांच्या हातून, सूर्य उगवायच्या आत. मी 'कधी' विचारायचं सोडलं. पडल्या पडल्या खिडकीतून कांद्याची लागण गेली, थंडी गेली, हरभरा घाट्याला आला. मला काही घाई लावता येत नव्हती आणि तरी सगळं आपापल्या वेळेला येत होतं. देवावर भरवसा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. त्याआधी मी देवाला नुसता हुकूम देत होते.

हरभरा काढायच्या दिवसांत उजव्या पायाचा अंगठा हलला. आत्यांनी गल्लीभर साखर वाटली. मला मुलगा झाला तेव्हाही त्यांनी एवढी वाटली नव्हती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको. त्यांच्याच सांगण्यावरून चैत्रात पाठीला पट्टा बांधून भिंतीला धरून उभी राहिले, आणि आषाढात बांधावर चालत गेले.

पुढच्या माघात अठरा महिने पुरे झाले. आळेफाट्याला एसटीत चढले आणि पुण्यात स्वतःच्या पायांनी जिना चढून वर गेले. आजवर मला आडवीच बघितलेल्या डॉक्टरांनी केसपेपर वाचला, माझ्याकडं बघितलं, मग माझ्यामागं दाराकडं बघितलं.

"पेशंट कुठं आहे?"

"मीच की, सायेब."

ते चटकन उठले आणि त्यांनी मला खुर्ची पुढं केली. "बसा, ताई, बसा."

मी म्हटलं, "नगं, सायेब. लई झोपलेय. आता उबीच ऱ्हाते."