पंप हवा ओढायलाय

माझं माहेर चारठाण्याकडचं. वडिलांची पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. आई लवकर गेली, त्यामुळे माझं लहानपण त्या गिरणीतच गेलं. इंजिन ठीक चाललंय की त्याच्या डिझेलच्या नळीत हवा शिरलीय, हे मला दळण निवडता निवडता, मान वर न करता कळायचं. त्यात विशेष काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

लग्न होऊन सोनपेठजवळच्या गावात आले. नवरा जिंतूरला शाळामास्तर, शनिवारच्या एसटीनं यायचा. घरची शेती सासरे बघत. त्यांना मी रीतीप्रमाणे मामा म्हणायची. मामांनी दुसऱ्याच्या हातचा एक जुना ट्रॅक्टर घेतला होता आणि स्वतःच चालवत होते. सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. आसपासच्या गावांत तेव्हा तेवढा एकच ट्रॅक्टर, त्यामुळे नांगरटीच्या दिवसांत मामांना दम खायला सवड नसायची.

अशाच एका चैत्रात ट्रॅक्टरची लिफ्ट बिघडली. लिफ्ट म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचे लोखंडी हात. त्यांना नांगर जोडायचा, दांडी ओढली की तेलाच्या जोरावर ते नांगर उचलून धरतात. आता नांगर हिसके देत उठायचा, मध्येच अडायचा. बांधाशी वळायची वेळ आली की फाळ मातीत रुतून बसायचा.

मामांनी मानवतहून मिस्त्री बोलावला. माणूस हुशार, पण हंगामामुळे घायकुतीला आलेला. त्याने ट्रॅक्टर अंगणात चालू करायला लावला, दांडी दोनदा वरखाली केली आणि म्हणाला, "काका, पंप गेला. खोलून नेतो. नवा परभणीहून मागवावा लागंल."

"कवा यील?"

"ते न्हाई सांगता येत. सगळ्यांचंच अडलंय."

मी चहा घेऊन बाहेर आले होते. ट्रॅक्टर चालूच होता आणि पंप कण्हत होता, मध्येच तुटत, पुन्हा सुरू होत. लोखंड घासल्याचा तो आवाज नव्हता. मी ओट्याच्या कडेला थांबले. परक्या पुरुषासमोर सुनेनं बोलायची पद्धत नव्हती. पण राहवेना.

"मामा, मला वाटतंय, पंप हवा ओढायलाय."

मिस्त्री हसला. "वैनी, चहा लय झ्याक झालाय."

मामा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कशावरनं?"

"तुला काय कळतंय" म्हणाले असते तर मी मुकाट्याने चुलीकडे गेले असते. त्यांनी विचारलं, म्हणून मला उत्तर शोधावं लागलं.

मी म्हणाले, "आधी नांगर वर घ्या आणि इंजिन बंद करा." नांगर कसाबसा उचकत वर गेला. इंजिन बंद झालं. आम्ही तिघं नांगराकडे बघत उभे राहिलो. चहा निवला तरी नांगर तिथल्या तिथंच. म्हणजे वर गेलेलं तेल परत गळत नव्हतं. उचलणारा भाग धड होता, दुखणं त्याच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला होतं. मिस्त्रीनं मान हलवली, "हां, ते खरं हाय. म्हणून तर पंप म्हणलो मी."

"आता तेल बघा," मी म्हणाले. मामांनी तेल बघायची पट्टी बाहेर काढली. तिच्यावरचं तेल घुसळलेल्या ताकासारखं फेसाळलं होतं. हवा मिसळल्याशिवाय असा फेस येत नाही.

मिस्त्रीनं कप खाली ठेवला.

पंपाकडे तेल ओढून आणणारी नळी जिथं जोडलेली होती, तो जोड मी मामांना विचारून घेतला. ट्रॅक्टर पुन्हा चालू केला. पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि बोटभर ग्रीस घेऊन त्या जोडाभोवती लिंपायला लागले, हवा शिरायची फट असेल तर बुजावी म्हणून. अर्धा जोड झाला तरी पंप कण्हतच होता. मग बोट खालच्या अंगाला गेलं आणि कण्हणं एकदम थांबलं. मामांनी दांडी ओढली. नांगर हिसका न देता, सरळ वर आला.

"पुसा बरं ते," मिस्त्री ओरडला. मी पुसलं. पंप पुन्हा कण्हायला लागला. "लावा परत." लावलं, थांबला.

तो माझ्या शेजारी उकिडवा बसला. जोड खोलला, तर आतली रबरी रिंग वाळून चिरली होती. "घाई केली मी," तो मामांना म्हणाला, आणि माझ्याकडे बघून, "वैनी, हे शिकलात कुठं?"

"गिरणीत," मी म्हणाले. त्या दिवशी वडिलांची फार आठवण आली.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच मापाची रिंग आणून बसवली आणि नांगरट सुरू झाली. मामा मात्र गप्प बसेनात. सोनपेठच्या बाजारात जो भेटेल त्याला सांगत, "लिफ्टचं दुखणं आमच्या सूनबाईनं धरलं." पुढे आसपास ट्रॅक्टर वाढले, तसे लोक आमच्या अंगणात ते आणायला लागले. एका ट्रॅक्टरचा नांगर इंजिन बंद करताच खाली बसायचा. मी म्हणाले, पंपाला हात लावू नका, वरचं तेल परत गळतंय, लिफ्टच्या आत पिस्टनची रिंग बघा. तेच निघालं. एकाचा पंप खरोखरच गेलेला होता, तेही मी तसंच सांगितलं.

सुरुवातीला सासूबाईंना हे आवडत नसे. लुगड्याला ग्रीस लागतं म्हणून कुरकुरायच्या. एके दिवशी दुपारी मानवतचा तोच मिस्त्री कुणाचा तरी ट्रॅक्टर घेऊन दारात आला. "वैनी हाईत का? जरा आवाज ऐकायचा होता."

सासूबाई दारात आडव्या आल्या. "दम धरा जरा. ती जेवायलीय."

मी उठायला लागले तर त्यांनी आत येऊन माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. मी ती सावकाश खाल्ली, हात धुतले आणि मग बाहेर गेले.