वाऱ्याच्या वाटेवर लुगडी

चैत्र संपत आला आणि पश्चिमेचा वारा सुटला की माझ्या वर्गातली मुलं भांडू लागतात. धुळ्याच्या शाळेत मी भूगोल शिकवते. एरवी एका बाकावर गोडीत बसणारी पोरं या दिवसांत पाण्याच्या बाटलीवरून एकमेकांच्या अंगावर धावून जातात. शिक्षकांच्या खोलीतही तेच. खिडकी लावायची की उघडी ठेवायची, एवढ्यावरून दोन मोठी माणसं आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, उन्हाने होतं. मी म्हणते, सर, ऊन माणसाला आडवं पाडतं, भांडायला उठवत नाही. उठवतो तो वारा.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. जळगावला खोली करून, स्वतः भाकरी थापून मी बी. ए. केलं, आणि हे सांगताना मला कधी संकोच वाटलेला नाही. जमीन तापली की हवा का धावते, ते मी फळ्यावर आकृती काढून समजावू शकते. पण तीच हवा माणसाच्या आत शिरून काय करते, ते मी पुस्तकात नाही, आमच्या बांधावर पाहिलं. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

आमचं गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे वैशाखातला वारा सकाळी न्याहारी होईपर्यंत शहाण्यासारखा वागतो. मग एखादं दार आपटतं. पाठोपाठ पत्रे वाजू लागतात. चुलीतला जाळ बाहेर येतो, पिठात धूळ बसते, भाकरीचा घास करकरतो. म्हैस पान्हा चोरते. दुपारपर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या कपाळावर आठी चढलेली असते आणि कोणालाच विचारता येत नाही की बाबा, तुला झालं तरी काय. गावाला हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून आमच्याकडे या दिवसांत सोयरिकीची बैठकसुद्धा दिवस मावळल्यावर भरते. कोणी भरदुपारी कुरबुर घेऊन आलं तर माझी माय त्याला पाणी द्यायची आणि सांगायची, "वारा पडू दे, मंग बोल."

त्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात पहिल्यांदा केळी लावली होती. तोवर आमच्या रानात कपाशी आणि ज्वारी. विहिरीला पाणी लागलं, ठिबक आलं आणि आबांनी हिंमत केली. माझा बी. ए. चा निकाल यायचा होता. मला पुढे बी. एड. करायचं होतं, त्यासाठी धुळ्याला राहावं लागणार होतं. मी विषय काढला की आबा बागेकडे बोट दाखवायचे. "ही निंघनी का तुले धाडस." म्हणजे बाग निघाली की मी धुळ्याला, नाही निघाली तर घरी. आणि घरी बसलेल्या पदवीधर मुलीचं पुढे काय होतं, ते मला कोणी सांगायला नको होतं. दोन स्थळं येऊन गेलीच होती.

केळीच्या बागेला वाऱ्याची फार भीती. झाड आतून पाण्याचं. त्याला घड लागला की मान जड होते आणि जोराचा झोत आला की ते मुळासकट आडवं. म्हणून केळी लावतानाच बागेच्या पश्चिमेला शेवरी दाट पेरतात. वर्षभरात ती दोन पुरुष उंच होते आणि वारा अंगावर घेते. आबांनी आपली शेवरी बांधावर लावली होती. बांधापलीकडे नानांचं शेत.

नाना आमचे नात्यातले नव्हेत, पण आबांचं आणि त्यांचं सख्ख्या भावांपलीकडे. दुपारी एकाच डब्यातलं खायचं, तंबाखूची चंची एकच. पण त्या महिन्यात नानांनी नवी कपाशी टोबून पेरली होती, आणि सकाळची शेवरीची सावली तिच्यावर पडायची. हे ते कधीही बोलू शकले असते. ते बोलले भरदुपारी, वारा अगदी पिसाळलेला असताना. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर घडलं.

"भाऊ, तुनी शेवरी मना सऱ्यास्वर सावली पाडस. कपाशी पिवयी पडी ऱ्हायनी."

"सावली काय मी पाडस का? सूर्यले सांग."

"शेवरी काय सूर्यनी लायी का? तू लायेल शे."

"मंग डोयावर टोपी घाल, नही दिसाव सावली."

इथपर्यंत नेहमीची थट्टा. नाना हसतील असं मला वाटलं. तेवढ्यात वाऱ्याने धुळीचा एक लोट उचलून दोघांच्या तोंडावर आणला. दोघांनी डोळे चोळले. डोळे उघडले ते दोघांचेही वेगळेच होते. मला दुसरे शब्द सुचत नाहीत.

"केयी लायी म्हनीसन तालुकाना मालक व्हयना का?" नाना ओरडले.

"काढी टाकस!" आबांचा आवाज फाटला. "आत्ते काढस बठ्ठी!"

"काढ ना. मी का हात धरेल शे?"

सगळीच काढतो म्हणत आबांनी कुऱ्हाड उचलली आणि शेवरीचं पहिलं झाड पाडलं. आपल्याच हाताने लावलेलं, आपल्याच बागेचं छत्र. मी "आबा, आबा" करत राहिले. वाऱ्यात माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. मग जे झालं ते आजही कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. नाना आपल्या झोपडीकडे धावले, कुऱ्हाड घेऊन आले आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून त्यांनीही तोडायला सुरुवात केली. तू तोडतोस, तर मी काय कमी आहे? आबा उत्तरेकडून, नाना दक्षिणेकडून. कोणाचा फायदा नाही, कोणाला थांबायचं नाही. शेवरीचं लाकूड मऊ, एका-दोन घावांत पडतं. मी गावाकडे पळत सुटले, मायला आणायला.

आम्ही परतलो तेव्हा दिवस कलला होता आणि वारा पडला होता. बांधाच्या मधोमध शेवरीचं एकच झाड उभं, त्याच्या अल्याडपल्याड दोघं जण हातात कुऱ्हाड धरून. झोपेत चालत गेलेला माणूस जागा झाल्यावर जसा आजूबाजूला बघतो, तसे ते आडव्या पडलेल्या ओळीकडे बघत होते. मग नाना वळले आणि निघून गेले. आबा तिथेच बसले. मागे आमची बाग, झाडाझाडाला लोंबणारे घड, आणि पश्चिम सताड उघडी.

मायने बाग पाहिली, पडलेली शेवरी पाहिली, आभाळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या फोनवर वादळाचा इशारा आला. वारा अडवायच्या हिरव्या जाळीसाठी मी चोपड्याला फोन लावला. दुकानदार म्हणाला, माल पुढच्या आठवड्यात. मी डोकं धरून बसले. मायने पत्र्याची पेटी उघडली आणि आपली सगळी जुनी लुगडी, रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून शेताभोवती बांधतात तसली, उंबऱ्यावर आणून टाकली.

"शेताले बांधतस ना डुकरंस्ना करता? मंग वाराना करताबी बांधू. जाय, गावम्हा जाय, माग."

मी दारोदार गेले. पदवीची परीक्षा दिलेली मुलगी जुनी लुगडी मागत फिरते म्हणून बाया पदरात तोंड घालून हसल्या. एक अक्का म्हणाली, "वाराले नेसाडी ऱ्हायनात का वं पोर?" दुसरी म्हणाली, "दे वं, दे. मनी सासूनं बी लई जाय. ती वाराबरोबर भांडी लेई." पण दिलं सगळ्यांनी. नऊवारी, सहावारी, विरलेलं, ठिगळाचं, लग्नाकार्यात आहेरात आलेलं आणि कधी न नेसलेलं. आमच्या दोन्ही सायकली भरल्या.

शेतावर पोचलो तर नानी, नानांची बायको, आधीच गाठोडं घेऊन उभी. "मना मानूसनी अक्कल वाराबरोबर धाडी दिधी," ती मायला म्हणाली. "लुगडं तं अजून मना हातम्हा शे." गाठोड्यात वरतीच तिचं लग्नाचं जांभळं लुगडं होतं. माय म्हणाली, हे नको. नानीने ते सगळ्यात आधी बांधायला घेतलं.

मागून नाना आले, खांद्यावर बांबू आणि पहार. आबांकडे न बघता खड्डे खणू लागले. आबा बांबू आणि शेवरीचे सोट रोवत होते. दोघं हातभर अंतरावर, पण बोलणं सगळं मायच्या मार्फत.

"वहिनी, तेस्ले सांगा, बांबू तिरपा व्हयना."

"तेस्ले सांग, खड्डा आखो खोल करा, मंग व्हई सरळ."

"दोन्हीस्ले सांगस," माय म्हणाली, "तोंड बंद करा."

ती आम्हाला लुगडी ताणून बांधू देत नव्हती. सैल सोडा, म्हणायची, कापडाला फुगून पोट धरू द्या. ताणलं तर वारा खांबच उपटेल. झोका बांधताना ती जशी गाठ मारायची तशीच प्रत्येक गाठ. दुपार चढली तशी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत उभी राहिली. हिरवी, पिवळी, चौकड्याची, विटकी, काठाची. अख्ख्या गावाच्या बाया हातात हात घालून बांधावर उभ्या आहेत असं दिसत होतं.

मग वारा थांबला. पान हलेना. नानांच्या शेतापलीकडे जमिनीपासून आभाळापर्यंत एक पिवळी भिंत उठली आणि आमच्याकडे चालत आली.

मी खूप वारे पाहिलेत. तसा नाही पाहिला. पहिला झोत आला आणि सगळी लुगडी एका क्षणी फुगली. एवढा मोठा श्वास मी कधी ऐकलेला नव्हता. नऊवारीचं कापड, माझ्या आयांचं, आज्यांचं, अंगणात वाळत घातलं की चिमण्यांच्या पायांनीही हलणारं, ते आता गरजत होतं. खांब वाकले. आम्ही पाचही जण धावलो आणि खांबांना मिठी मारली. कोणी सांगितलं नव्हतं. आबांच्या शेजारचा खांब नानांनी धरला होता. धुळीत मला फक्त आबांचे दात दिसत होते, आणि माझ्या लक्षात आलं की ते हसताहेत. मोठमोठ्याने, लहान पोरासारखे. नानी वाऱ्याला शिव्या घालत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला भीती वाटत नव्हती. महिनाभर ज्या वाऱ्याने आम्हाला कातावून सोडलं, तोच पूर्ण ताकदीने अंगावर आला तेव्हा आमच्यातला राग कुठल्या कुठे गेला होता. रागवायला जागाच उरली नव्हती. एवढं मोठं काही समोर असलं की माणसाजवळ आपलं लहानसं काही राहत नाही.

दक्षिणेचं टोक फाटलं. दोन-तीन लुगडी सुटली, त्यांत नानीचं जांभळं. ते आमच्या डोक्यांवरून, केळीच्या शेंड्यांवरून वर गेलं, पूर्ण उलगडलं आणि सातपुड्याकडे निघून गेलं. नानीने शिव्या थांबवल्या आणि तोंड उघडं टाकून बघत राहिली. आम्ही सगळेच बघत राहिलो. खाली बागेतून केळी पडल्याचे आवाज येत होते, ओल्या पोत्यासारखे, धप्, धप्. नजर खाली आणायची माझी छाती झाली नाही.

टपोरे थेंब आले आणि वारा गेला.

आबा बागेत शिरले. आम्ही बांधावरच उभे. आतून त्यांचा आवाज यायचा. "टोकनी गयी... हाई बी गयी..." पानांवरून पाणी ठिबकत होतं. माय खाली बसली. मी मनातल्या मनात धुळ्याला रामराम केला होता, खरंच केला होता.

"भो!" आबा ओरडले. "नाना! उभी शे! बठ्ठी मधली उभी शे रे भो!"

"माले दिसस," नाना म्हणाले. "आंधया नही मी." आणि टोपीने तोंड पुसत राहिले, जरा जास्तच वेळ.

संध्याकाळी गावातल्या बाया आपापली लुगडी बघायला आल्या. काहींना अख्खी मिळाली, काहींना चिंध्या. कोणी तक्रार केली नाही. एरवी एका हंड्यावरून नळावर रान उठवणाऱ्या बाया, पण त्या दिवशी हळू आवाजात बोलत होत्या, देवळात बोलतात तशा. नानीला मी म्हटलं, तुमचं लग्नाचं गेलं. ती म्हणाली, "गयं ते गयं. पन काय गयं वं माय! पाहं ना तू?"

आबा विहिरीवर हातपाय धूत होते. तळहात बांबूंनी सोलले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुनं ते धुयानं शिक्षन कधी सुरू व्हस?"

मी सांगितलं. ते "हां" म्हणाले आणि पडलेले घड गोळा करायला नानांना हाक मारत बागेकडे गेले.