शकीला सिस्टर आणि माझं जन्माचं वजन

आमच्या बावड्याच्या दवाखान्यात गरोदर बाई पहिल्यांदा आली, की शकीला सिस्टर तिला काट्यावर उभं करायच्या आधी विचारायच्या, "तू जल्मलीस तवा किती भरलीस?" बायका हसायच्या. सिस्टर हसायच्या नाहीत. "आईला फोन लाव की. हितंच लाव." कागदावर नसलेले प्रश्न विचारू नका, अशी दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी एकदा तंबी दिली, तर म्हणाल्या, "मग कागद बदला."

मीही हसले होते. पहिलटकरीण, अंगाने काटकुळी, साखरेची पहिली तपासणी चांगली आलेली. आईला फोन लावला. माझ्या वेळी ती इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात नववा महिना लागेपर्यंत शिळ्या भाकरीवर, उभ्याने सुताच्या कांड्या भरत होती. "दोन किलोलाबी कमी हुतीस," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणालं, जगली तर जगली."

सिस्टरांनी माझ्या कार्डावर खूण केली. "सहाव्या म्हयन्यात परत साखर बघायची. आईच्या पोटात ज्या पोरी उपाशी ऱ्हात्यात, त्येंचं शरीर साखर पेलाय कमी पडू शकतंय. गरोदरपणात ते उघडं पडतंय. समद्यांचंच न्हाय, पर तुझं बघायचं."

सहावा महिना लागला. सासूबाई म्हणाल्या, "एकदा झाली की तपासणी. एवढी बारीक पोर, हिला कुठली साखर?" मी गेलेच नाही. चौथ्या दिवशी सिस्टर ग्लुकोजची पुडी आणि तपासणीचं यंत्र घेऊन दारात! मला ते गोड पाणी पाजलं आणि दोन तास आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात ठिय्या मांडून बसल्या. मग बोटातून रक्त घेतलं. साखर वाढलेली निघाली.

"माहेरनं रोग घिऊन आली," सासूबाई पुटपुटल्या.

आई त्या दिवशी मला भेटायला आली होती. तिचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्यामुळंच झालं व्हय, सिस्टर?"

सिस्टर ताडकन उठल्या. "तुझ्यामुळं? भरल्या दिवसांत तू शिळी भाकरी खाऊन मागावर उभी ऱ्हायलीस. ज्येंनी तुला उभं केलं, त्येंनी माना खाली घालाव्यात. तू न्हाय!" मग सासूबाईंकडे वळल्या. "आन् आक्का, हिच्या पोटात तुमचं नातवंड हाय. ह्या घरात हिनं उपाशी ऱ्हायचं न्हाय, आन् लाडूबी चारायचं न्हाईत. येळच्या येळी भाकरी, भाजी, उसळ. जेवल्यावर चालायचं."

सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू शेजारी देऊन टाकले. साखर आटोक्यात राहिली. मुलगी झाली, जवळजवळ तीन किलोची. बाळंतपण झालं म्हणून सिस्टरांनी मला सोडलं नाही. "आता तुझी साखर दर वर्साला बघायची. न्हाय आलीस तर घरात येऊन बोट टोचीन."

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात साहेब म्हणाले, "सिस्टरांनी इतकी वर्षं शांतपणे सेवा केली."

सिस्टर हातातला नारळ खुर्चीवर ठेवून उभ्या राहिल्या. "शांतपणे? साहेब, मी भांडून सेवा केली. म्हागनं येतील त्येंनीबी भांडावं."

शेवटच्या रांगेत आई बसली होती, चारचौघांत कधी मान वर न करणारी. ती उठली आणि एकटीच टाळ्या वाजवत राहिली.