मार्कसाइटचा डबा

माझे सासरे भूवैज्ञानिक होते. केंद्र सरकारच्या नोकरीतली शेवटची वर्षं त्यांनी फरीदाबादच्या ऑफिसात काढली, आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते आमच्या नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले. कपड्यांची एक बॅग आणि दगडांच्या दोन ट्रंका.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. नवऱ्याला परदेशी कंपनीत नोकरी लागली होती आणि मला हॉलमध्ये काचेचं शोकेस हवं होतं, आत ट्यूबलाइट असलेलं. बेडरूम दोनच. एक आमची, एक मुलांची. बाबांचा दिवाण हॉलमध्ये, शोकेससमोर टाकला. चालेल का, असं मी विचारलंसुद्धा नाही.

दगडांत देखणे पायराइटचे, सोनेरी, कोणी कापून ठेवल्यासारखे चौकोनी ठोकळे. एक मात्र वेगळा होता. फिकट पितळी, कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या कडांचा, बिस्किटांच्या डब्यात चुन्याच्या पुडीसोबत जपलेला. तो मार्कसाइट. नोकरीच्या पहिल्या वर्षी कोळशाच्या खाणीतून बाबांनी स्वतःच्या हातानं काढलेला.

एकदा मी गवार निवडत असताना ते समजावून सांगत होते. दोन्हीत लोखंड आणि गंधकच, प्रमाणही तेच. प्रत्येक लोखंडाभोवती सहा गंधक, हे त्याचं घर, आणि गंधक नेहमी जोडीनं, एकमेकांना धरून. फरक फक्त मांडणीचा. पायराइटमध्ये लोखंडाची ही घरं कोपऱ्याला कोपरा टेकवून असतात. मार्कसाइटमध्ये कडेला कड लावून, एका ओळीत, तुझ्या ह्या फ्लॅटांसारखी, म्हणाले. ते बांधकाम कमी टिकाऊ. ओल लागली की सडायला लागतं, म्हणून याला पाणी लावायचं नाही, आणि डब्यातला चुना ओल शोषायला. मी "हो हो, बिल्कुल" म्हणाले. लक्ष सगळं टीव्हीवरच्या मालिकेत.

वास्तुशांतीला नवऱ्याचे नवे साहेब येणार होते. आदल्या दिवशी बाबा दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर कुठल्याशा कामाला गेले होते. मी सगळे दगड बादलीत घातले आणि साबणाच्या पाण्यानं खसाखसा घासून शोकेसमध्ये मांडले, डब्यातलासुद्धा. चुना पानाचा असेल म्हणून फेकून दिला. घरात पान कोणीच खात नव्हतं, पण अक्कल गहाण ठेवल्यावर हे कुठून सुचणार? संध्याकाळी बाबा आले आणि शोकेससमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आवडलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बायकोनं विचारलं, "ये असली सोना है क्या?" आणि मी फुशारले.

तीन आठवड्यांत मार्कसाइटवर पांढरी भुकटी फुटली. काच सरकवली की गंधकाचा वास यायचा, खालचं कागदी लेबल करपल्यासारखं झालं होतं. एका रविवारी, जेवताना, नवऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, याला कोणी काही केलं का?

"कूलरची ओल लागली असेल," मी म्हणाले. "दिवसभर हॉलमध्ये चालू असतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "कूलरच असणार."

मग बाकीचे दगड खराब होतील म्हणून हॉलमधला कूलर बंद करायला त्यांनीच सांगितलं. त्याच संध्याकाळी तो आमच्या बेडरूमच्या खिडकीत बसला.

मे आणि जून, नोएडाची लू, भाजून काढणारा वारा, त्यात वीज जायची. बाबा ओला पंचा छातीवर टाकून दिवाणावर पडून असत. ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टर म्हणाले, यांना थंडाव्यात ठेवा. चोराच्या मनात चांदणं, मी दिवसातून चार वेळा पन्हं करून द्यायचे आणि झोपायला मात्र गार खोलीत जायचे. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. उलट मला त्यांचाच राग यायचा. एवढे शिकलेले, दगडांसाठी कोणी असं उकडून घेतं का?

ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट झाली की बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं. एका सकाळी पाहिलं तर बाबांनी पायराइटचे सगळे ठोकळे बाहेर काढून बाल्कनीतल्या टेबलावर मांडले होते.

"बाबा, ओल लागेल ना?"

"ह्या पायराइटला इतक्यानं काही होत नाही."

"मग उन्हाळाभर कूलर कशाला बंद ठेवलात?"

ते हातातला ठोकळा पुसत राहिले. "तू सगळ्यांसमोर कूलर म्हणालीस. मी तो चालू ठेवला असता, तर तुझ्या नवऱ्यानं पुन्हा विचारलं असतं, मग कशानं झालं म्हणून."

त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही "मी धुतला, बाबा" हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. आजवर निघालेले नाहीत.

त्यांनी हातातलं फडकं माझ्यापुढे धरलं.

"घे, पूस तूही," ते म्हणाले. "फक्त कोरड्यानं."