सण नसताना भात

चिंचेच्या कोळात गूळ विरघळायला लागला, की मला सासरची ती दुपार आठवते. कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं आणि मी गडहिंग्लजकडची कानडी सून, नवीनच होते. माहेरच्यासारखा पिकल्या आंब्यांचा गोज्जू, म्हणजे चिंच-गुळाचा आंबटगोड रस्सा, केला. तीळ, खोबरं, सुक्या मिरच्या भाजून, वाटून घातल्या. सासूबाई भाकरी घेऊन बसल्या. "गोड हाय का तिखट? एक काय ते ठरीव की!" मीही माघार घेतली नाही. "आत्याबाई, ह्ये भातासंगं खात्यात." सासरी भात फक्त सणाला शिजायचा. त्यांनी बोट बुडवून चाटलं, पुन्हा चाटलं आणि भाकरी बाजूला सारली. "आज सण न्हाय," त्या म्हणाल्या, "पर तांदूळ काढ." आता घरात रोज भात असतो, पण त्या चुलीवर सणाशिवायचा पहिला भात माझ्यामुळं चढला, हे मी सुनांना दर वैशाखात ऐकवतेच.