सुटली म्हणायचं राहिलं

आमच्या लॅबमध्ये मोबाईल चालत नाही. कंपनीच्या गेटवरच तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळं आप्पा गेल्याचे फोन त्या पत्र्याच्या लॉकरमध्येच वाजत राहिले. मी आत नमुने तपासत होते. मागं एक्झॉस्टचा आवाज, माझ्या कानात प्लग, आणि खांद्यावर हात पडला. कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांत माणसाला मागून हाक मारत नाहीत. एक तर ती ऐकू जात नाही, आणि दचकून हातातलं काही सांडलं तर पंचाईत. म्हणून शेजारी यायचं, त्याला दिसेल असं उभं राहायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि मग बोलायचं. आमचे शिफ्टचे साहेब शेजारी उभे होते. त्यांनी हात ठेवला, पण बोलेनात. तो हात खांद्यावरून निघेना, तेव्हाच मला कळलं...

ज्ञानदेव आप्पा माझे सख्खे चुलते. कुरकुंभच्याच एका कंपनीतून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि नोकरी कुणाच्या शब्दावर नाही, इंटरव्ह्यू देऊन लागली. हे मी सगळीकडं सांगते, इथंही सांगते. आप्पाही सांगायचे, माझ्यापेक्षा मोठ्यानं. दौंडच्या एसटी स्टँडवर शेजारी बसलेल्या कुणालाही, ओळख ना पाळख, "ही आमची पुतणी. केमिस्ट हाय." मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. पण परक्या माणसाशी आप्पांचं बोलणं एवढ्यावर कधी थांबलं नाही.

त्यांच्या तरुणपणी प्लांटमध्ये एका जोडीदाराचा डोळा गेला होता. गॉगल होता त्याच्याकडं, पण कपाळावर चढवलेला. आप्पा सांगायचे, "आम्ही समद्यांनी बघितला हुता गॉगल कपाळावर. समद्यांनी. म्हटलं, उगं कशाला बोला." हे 'उगं कशाला' त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुढं कंपनीत नियमच झाला की चूक करणारा जेवढा जबाबदार, तेवढाच बघून गप बसणाराही. समोर हेल्पर असो नाहीतर मॅनेजर, खांद्यावर हात ठेवायचा आणि सांगायचं. आत त्याचा कुणाला राग येत नाही. आप्पांनी एवढंच केलं की गेटच्या बाहेर आल्यावरही तोच हात आणि तोच नियम चालू ठेवला. बसमध्ये कुणी मोबाईलवर मोठ्यानं व्हिडिओ लावला की आप्पा जागेवरून उठणार, त्याच्या शेजारी जाणार, खांद्यावर हात ठेवणार आणि म्हणणार, "पावणं, जरा बारीक करता का?" आवाज चढवायचे नाहीत. पण बाहेरच्या माणसाच्या खांद्यावर परक्याचा हात पडला की तो आधी झटकतो आणि मग ऐकतो, बऱ्याचदा ऐकतच नाही. मी त्यांना म्हणायचे, "आप्पा, एसटी म्हणजे तुमचा प्लांट नाही." ते म्हणायचे, "मग एसटीतल्या माणसाला डोळं नस्त्यात व्हय?"

चुकायचेही. पाटसच्या बसमध्ये एकजण फोनवर ओरडून बोलत होता, इतका की पुढचं लहान पोर रडायला लागलं. आप्पा गेले, हात ठेवला. तो माणूस काकुळतीनं म्हणाला, "आजोबा, आईशी बोलतोय. तिला ऐकू येत नाही हो." आप्पांनी हात तसाच त्याच्या खांद्यावर ठेवला आणि मान हलवली. थोड्या वेळानं मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, हळू बोला की!" तर आप्पा त्याच्यावरच उलटले, "आई बहिरी हाय त्याची! तुझी हाय का? मग गप बस." त्यानंतर सगळी बस त्या माऊलीची तब्येत ऐकत पाटसला पोचली. घरी येऊन आप्पा काकूला म्हणाले, "गुडघ्याचं दुखणं हाय बिचारीला, माझ्यासारखंच."

काकू हसली त्या दिवशी. पण तिला ह्या सगळ्याची भीती वाटायची. ते बाहेर गेले की दाराकडं तिचा एक डोळा असायचा. आणि एका संध्याकाळी आप्पा घरी आले ते शर्टाची बटणं तुटलेली आणि चष्म्याची काडी हातात. शिरूरच्या गाडीत कॉलेजची पोरं मागच्या सीटवर स्पीकर लावून बसली होती. आप्पांनी एकाच्या खांद्यावर हात ठेवला, त्यानं उठून कॉलर धरली. "ए म्हाताऱ्या, हात कुणाला लावतो?" भरलेली बस होती. सगळ्यांना खिडकीबाहेरचा ऊसच बघायचा होता. कंडक्टर म्हणाला तेही आप्पांनाच, "आप्पा, तुम्ही बसा ना गप." हे सांगताना त्यांना रागही नव्हता. काकूनं बटणं लावायला शर्ट घेतला, सुईत दोरा ओवला, आणि ओवता ओवताच तिचा धीर सुटला. उठली, आप्पांचा हात ओढला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ हाय तुमाला. परक्या माणसाला परत बोलायचं न्हाई. बोललात तर माझं मेलेलं तोंड बघाल." आप्पा म्हणाले, "अगं, सुटली म्हण. असलं काय घालती?" काकूनं ओठ आवळून घेतले, 'सुटली' काही म्हटली नाही.

आमच्याकडं लहानपणी पोरंपोरं एकमेकांना ऊठसूट शपथा घालतात आणि घालणाऱ्यानंच 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. तोवर मोडली, तर जिच्या गळ्याची घातली तिचं बरंवाईट होतं. मी शिकलेली, माझा ह्यावर विश्वास नाही. आप्पांचाही नसावा. पण काकूच्या गळ्याची गोष्ट होती, तिथं त्यांनी विश्वास आहे की नाही हा हिशेब केला नाही.

मग ते उभे राहायला लागले.

पहिल्यांदा मी स्वतः बघितलं ते केडगावहून येताना. समोरच्या सीटवर एकानं बुटासकट पाय पसरले होते आणि एक बाई पिशव्या घेऊन ताटकळत होती. आप्पांना बसायला जागा होती. ते उठले, वरची दांडी धरून त्या पायांपाशी जाऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. हात लावला नाही. नुसतं त्याच्याकडं बघत उभे. तो म्हणाला, "काय बाबा, बसायचंय का?" आप्पांनी मान हलवली, नाही. "मग काय पाहिजे?" आप्पांनी दांडीवर दुसरा हातही ठेवला. त्यानं मोबाईल बघितला, खिडकीतून बघितलं, पुन्हा वर बघितलं, तर आप्पा आहेतच. चौफुला येईपर्यंत पाय खाली आले आणि ती बाई बसली. मी उतरल्यावर म्हटलं, "ही शपथेला पळवाट झाली." आप्पा हसले, "शपथ बोलायची हाय. उभं राह्यची न्हाई."

बँकेत कुणी रांग मोडून पुढं घुसला की आप्पा आपला नंबर सोडून त्याच्या शेजारी जाऊन उभे. दवाखान्याच्या रॅम्पवर कुणी गाडी आडवी लावली की ती निघेपर्यंत गाडीशेजारी उन्हात उभे. दौंडमध्ये पोरांना ते माहीत झाले होते. "आलं बघ स्टॅच्यू!" म्हणायची आणि गाण्याचा आवाज कमी करायची, हसत का होईना. सगळीकडं जमायचं नाही. एकदा गाणी लावून एकजण झोपूनच गेला आणि आप्पा शिरूरपर्यंत त्या झोपलेल्या माणसाजवळ उभे. गुडघे इतके सुजले की काकूनं दोन दिवस शेक दिला, आणि शेकताना बडबडली, "बोलला असता तर बरं झालं असतं एकादवेळी." आप्पा लगेच उठून बसले. "मग म्हण सुटली." काकूनं फडकं त्यांच्या गुडघ्यावर आपटलं. "व्हय, आन् कॉलर धरू द्या परत!"

मला खरं सांगायचं तर, बोलणाऱ्या आप्पांपेक्षा हे उभे आप्पा बघवत नव्हते. बोलायचे तेव्हा बोलून मोकळे व्हायचे, घरी आल्यावर जेवायचे. आता जेवताना मधेच घास थांबायचा. त्या दिवशी बसमध्ये जे म्हणायचं होतं ते तोंडात तसंच असायचं आणि ओठ हलायचे, आवाज नसायचा...

शेवटी छातीचं दुखणं निघालं आणि त्यांना दौंडमध्येच दवाखान्यात ठेवलं. मी ड्युटी करून संध्याकाळी गेले होते. हाताला सलाईन, पण शुद्धीवर होते, मला ओळखलं, "केमिस्ट आली," म्हणाले. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला भेटायला आलेली मंडळी गोल करून बसली होती. त्यातल्या एकाच्या मोबाईलवर विनोदी व्हिडिओ चालू होते, एक संपला की दुसरा, आणि हशा. आप्पा त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी कोपर टेकवून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग त्यांनी काकूकडं बघितलं. नुसतं बघत राहिले. काकूला वाटलं पाणी पाहिजे, तिनं चमच्यानं पाणी दिलं. ते प्यायले. पुन्हा बघितलं. तिनं पुन्हा दिलं. मी उठून त्या मंडळींना बाहेर जायला सांगितलं, ती गेलीही, पण आप्पांची नजर काकूवरून हलली नाही. सकाळी मी कामावर गेले आणि तिथंच तो हात माझ्या खांद्यावर पडला.

दहाव्याला भीमेच्या घाटावर पिंड ठेवले आणि कावळा लगेच शिवला. लोकांना वाट बघायची सवय, कुणी नवस बोलायच्या तयारीत, आणि इथं पिंड ठेवून माणूस मागं सरकतोय तोवर कावळा. सगळे म्हणाले, समाधानी गेले, काही मागं राहिलं नाही. काकू मात्र चिडली. "असं कसं शिवला?" घाटाच्या पायऱ्या चढताना तिनं माझा दंड धरला. "पाणी नको हुतं गं त्यांना. मी येडी पाणी पाजत बसले. त्यांना सुटली पाहिजे हुती. एवढा एकच शब्द... आन् हा कावळा म्हणतो काही राह्यलं न्हाई!"

नंतर मी रोज कामावरून येताना तिच्याकडं जायचे. टीव्ही चालू असायचा आणि आवाज पूर्ण बंद. माणसं पडद्यावर तोंडं हलवतायत आणि काकू बघत बसलीय. मी रिमोट उचलला की म्हणायची, "नको. उभं हायेत." कुठं, असं मी विचारलं नाही. टीव्हीच्या बाजूला, भिंत आणि कपाट यांच्यामध्ये थोडी जागा आहे. काकू केर काढतानाही तेवढी जागा सोडून काढायची. मी विज्ञान शिकलेली बाई, पण खोटं कशाला लिहू, त्या जागेतून मीही कधी गेले नाही. काकू भीत नव्हती, तिला दया येत होती. "कवाधरनं उभं हायेत," म्हणायची. मी म्हणायचे, "मग आत्ता म्हण सुटली." तर म्हणायची, "घरात म्हणून काय करू? घरात कुणाला बोलायचंय त्यांना?"

मागच्या आठवड्यात तिला माहेरी, शिरूरला पोचवायला मी निघाले. दुःख हलकं व्हावं म्हणून माहेरची माणसं बोलावतात, तसं भावानं बोलावलं होतं. दुपारची गाडी, दोघींना जागा मिळाली, काकू खिडकीशी. चौफुला सोडलं आणि पुढं बसलेल्या एका गृहस्थांनी मोबाईल काढला. चांगले इस्त्रीचे कपडे, मांडीवर फाईल. एकामागून एक व्हिडिओ, कर्कश्श. पलीकडं एक बाई तान्ह्या बाळाला झोपवत होती, ते दर वेळी दचकायचं. बस ऊस बघत होती. मी काकूकडं बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

मी उठले. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांच्याजवळ गेले, वरची दांडी धरली आणि आप्पांसारखीच उभी राहिले. त्यांनी एकदा वर बघितलं, पुन्हा मोबाईलमध्ये. पारगावचा पूल आला आणि गेला. मी तशीच. ओठांपर्यंत शब्द येऊन थांबायचे आणि मला वाटलं, हे आप्पांनी इतके दिवस कसं काढलं असेल... तेवढ्यात मागून काकूचा आवाज आला, सगळ्या बसला ऐकू जाईल असा.

"अहो, सुटली!"

मी वळून बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या शेजारी, दांडी धरायला माणूस उभा राहील तेवढ्या रिकाम्या जागेकडं बघत होती.

"सुटली म्हणते मी. बोला आता."

मी त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला. "पावणं, जरा बारीक करता का?" आवाज माझाच होता, पण आमच्या घरात आता 'पावणं' कुणी म्हणत नाही, मी तर कधीच नाही. ते दचकले, माझ्याकडं बघितलं, मग मागं काकूकडं. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि मोबाईल खिशात घातला. बाळाच्या आईनं पदर सारखा केला. बाकी काही झालं नाही.

मी जागेवर परत आले तर काकू खिडकीकडं सरकून अंग चोरून बसली होती आणि माझ्या सीटवर तिनं हात ठेवला होता. रिकाम्या सीटवर, हलकाच, एखाद्याच्या मांडीवर ठेवावा तसा. मी बसायला वाकले तशी हळूच म्हणाली,

"तू ऱ्हा उभी जरा. त्यांचं गुडघं दुखत्यात."

मी शिरूरपर्यंत दांडी धरून उभी होते.