विहिरीपाशी थांबलेली

लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, आणि असं काही विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. कोल्हापुरात सासरच्या घरी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, नणंदेनं ते ठसक्यात वाचलं आणि साखर वाटली. मग सासूबाईंनी तळहात फिरवून तांदूळ सारखे केले नि डब्यात ओतले. घरात पाहुणे होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याचाच भात झाला असणार. नवं नाव आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. जुनं कुठं गेलं, याची कुणी चौकशी केली नाही.

नवं नाव लांबलचक आणि भारदस्त होतं. उसन्या शालूसारखं ते मी सांभाळून वापरायचे. नवरा फौंड्रीत कामाला. हातात कधी पैसा टिकला नाही, पण माझं नाव मात्र साक्षात लक्ष्मीचं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मी स्वतःलाच म्हणून घ्यायचे.

जुनं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा ते मनात उच्चारणार, आणि ती एक हाकच झाली. त्या नावानं मला हाक मारणारं तेव्हा जगात एकच माणूस उरलं होतं, गारगोटीचे माझे वडील, आबा. आई माझ्या लग्नाआधीच गेली. धाकटा भाऊ ताई म्हणायचा, भावजय वन्सं म्हणायची. मैत्रिणी लग्नं होऊन कुठं कुठं पांगल्या. त्यांचीही नावं बदललेली, शोधणार तरी कशा? आबा मात्र एसटी यायच्या वेळेला घरामागच्या परड्यात येऊन उभे राहायचे. स्टँडवरून शेताच्या वाटेनं मी मागल्या दारानंच घरात शिरायचे. मी बांधावर दिसले की ते विहिरीपासून हाक मारायचे. त्या हाकेसरशी माझे खांदे सैल व्हायचे.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिराच्या कॉलेजसाठी घरात कॉम्प्युटर आला. सुटे भाग जोडून केलेला, मोठ्या पेटीएवढा. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. ते हळदीचं बोट पडद्याच्या कडेला शेवटपर्यंत राहिलं. दीर अभ्यासाच्या नावाखाली खेळ खेळायचा. एक इंग्रजी खेळ होता. त्यात एका माणसाला घेऊन गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, राक्षस मारायचे. सुरुवातीलाच खेळ विचारायचा, नाव काय? आणि रिकाम्या चौकटीत एक रेघ उघडझाप करत राहायची.

दुपारी दीर कॉलेजात, नवरा कामावर आणि सासूबाई जेवून आडव्या झाल्या की घर असं गप्प व्हायचं की भिंतीवरच्या घड्याळाचा राग यायचा. तशा एका भर दुपारी मी तो खेळ लावला. दिराचं बघून बघून कळ दाबणं जमत होतं. बाई निवडली. नाव विचारलं तेव्हा सासरचं लिहायला घेतलं, तर शेवटची अक्षरं चौकटीत मावेनात. दोनदा खोडलं. मला हसू आलं. बघ, म्हटलं, इथंही हे नाव बसत नाही. मग जुनं लिहिलं. ते नीट मावलं.

पडद्यावर गाव उघडलं. मधोमध विहीर, काठावर एक म्हातारा. त्याच्याजवळ गेलं की खाली अक्षरं उमटायची. माझं इंग्रजी बारावीपुरतं, बोट ठेवून वाचलं. आधी माझं नाव होतं आणि पुढं, ‘आलीस का? तुझीच वाट बघत होतो.’

मी खुर्ची मागं सारली. आत सासूबाई कुशीवर वळल्याचा आवाज आला. उन्हाची तिरीप फरशीवर होती, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि माझ्या हातावर काटा आला होता. या घरात ते नाव पहिल्यांदाच आलं होतं.

पुढं रोज दुपारी बसायला लागले. मात्र पहिल्यांदा गावाबाहेर गेले तेव्हा लांडग्यासारखं काहीतरी अंगावर आलं, पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांत आलं की अमुक अमुक मरण पावली. अमुकच्या जागी माझं नाव. मी देव्हाऱ्यापाशी जाऊन निरांजन लावलं, भर दुपारी. त्यानंतर तिला गावाबाहेर कधी नेलं नाही. गावातल्या गावात हिंडवायची, म्हाताऱ्याशी बोलायची आणि विहिरीपाशी उभी करून खेळ बंद करायची.

दिराला पत्ता लागलाच. एकदा लवकर आला आणि पडद्याकडं बघून खो खो हसला. “वहिनी, पुढं जायाचं असतंय की! हिरीवर काय धुणं धुताय?” मग कोपऱ्यातलं नाव वाचून म्हणाला, “आनि ही कोण?”

त्याच घरात मी त्याला वर्षानुवर्षं भाकरी वाढत होते. लग्नात तो शाळकरी होता, त्याच्या कानावर ते नाव पडून गेलं असेल, राहिलं नव्हतं. सांगावंसं वाटलं, बाबा, ही मी. पण तोंडातून निघालं, “असंच. कुणाचं तरी.” आणि पडद्यावरची ती माझ्याकडं पाठ करून उभी होती. ती नेहमी तशीच उभी असायची, खेळच तसा होता. तरी मला वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात सासूबाई भाकरी थापत असताना मी विचारलं, “आत्या, तुमचं म्हायेरचं नाव काय वो?”

“आता कशाला पायजे तुला?” त्या हसल्या. “म्हातारीचं बारसं घालतीस व्हय?” हसता हसता त्यांचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्या पिठाकडं बघत होत्या. संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या करत होते तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “आठवंना बघ.”

“म्हंजे?”

“लई ल्हान हुतो गं मी लगीन झालं तवा. कोण हाक मारणारंच ऱ्हायलं न्हाई.” मग म्हणाल्या, “टाकल्यालं नाव असं मोकळं सोडू नये बाई. कुणी हाक मारंना झालं की ते आपलं आपण हिंडाय लागतंय. आनि कधी हाक ऐकू आलीच, तर तिसऱ्या हाकंबिगर ओ देऊ नगंस.”

तीन हाकांचं मी लहानपणापासून ऐकून होते, पण ते तिन्हीसांजेला बाहेरून येणाऱ्या हाकेबद्दल; भुताची असली तर ती तिसऱ्यांदा येत नाही म्हणतात. सासूबाई बोलत होत्या ते वेगळं काहीतरी होतं, आणि त्या घाबरल्या होत्या. पुढं कितीतरी दिवस त्या मधूनच ओठ हलवायच्या, एखादं नाव लावून बघितल्यासारखं, आणि मान हलवायच्या. मला भयंकर भीती बसली. आबा थकत चालले होते. ते गेले की मीही अशीच पिठाकडं बघत बसणार.

त्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. उलटून टाकत होते आणि खालून हाक आली. माझ्या नावाची, जुन्या. स्पष्ट, जवळून. मी हातातली कुरडई तशीच धरून उभी राहिले. पुन्हा आली. तिसरीची वाट बघितली, ती आली नाही. खाली गेले तर सासूबाई झोपलेल्या, कॉम्प्युटर चालू, आणि ती विहिरीपाशी नव्हती. गावच्या वेशीपाशी उभी होती, तोंड बाहेर करून. खेळाला आवाज होता तो नुसत्या संगीताचा, नाव घेणारा कुणी त्यात नव्हता. संध्याकाळी दिराला विचारलं तर म्हणाला, “मी न्हाई हात लावला. तुमचा खेळ मला कशाला?” मीच तिला तिथं सोडून गच्चीवर गेले असेन. तसंच असणार. मी तिला परत विहिरीपाशी आणून उभी केली आणि कितीतरी दिवस त्या खोलीत झाडण्यापुरतीच गेले.

पुढं दिराला पुण्यात नोकरी लागली. मी मंडईतून आले तर टेबल रिकामं, धुळीत कॉम्प्युटरच्या बुडाचा चौकोन उमटलेला. इचलकरंजीच्या कुणा यंत्रमागवाल्याला त्यानं तो विकून टाकला होता.

“आतलं पुसलंत का?” मी विचारलं.

“कशाला पुसू? त्याच्या पोरांस्नी खेळच पायजे हुते. सगळं हाय तसं दिलंय.”

मी भाजीची पिशवी घेऊन तशीच उभी होते. संताप आला होता, पण सांगणार काय? माझं माणूस आत राहिलंय, असं? कॉम्प्युटर त्याचा होता, विकायला मला विचारायचं कारणच नव्हतं. कुठल्यातरी मागाच्या खडखडाटात, परक्या घरात, कुणीतरी पोरगं तिला विहिरीवरून हलवणार होतं.

आबा आजारी पडले ते त्यानंतर. आधी अंगात ताप, मग अन्न कमी, मग माणसं ओळखेनात. भावाचा फोन आला, “ताई, दिवसभर तुझंच नाव घेत्यात. ये.” मी पहिली एसटी धरली. वाटभर एकच गोष्ट मनात घोकत होते. त्यांनी एकदा मला हाक मारावी, मी ओ द्यावी, मग काय व्हायचं ते होवो. पण स्टँडवर भाऊ गाडी घेऊन आला होता, त्यामुळं शेताची वाट राहिली आणि मी पुढच्या दारानं आत गेले.

खाटेवर आबा उशीला टेकून बसले होते. डोळे चांगले टवटवीत. माझ्याकडं बघून त्यांनी धोतर सारखं केलं, परक्या बाईसमोर करतात तसं.

“आबा, मी हाय.”

“कोण?”

आणि मी सासरचं नाव सांगितलं. इतकी वर्षं रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत कोण म्हणून विचारलं की तेच सांगत आले होते. जीभ आपोआप वळली.

“बसा, पावणं,” आबा म्हणाले. “कुनीकडनं आलायसा?”

मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला आणि खरं नाव सांगितलं. “आबा, मी ती. तुमची.”

ते हसले. लहान मुलाची थाप ऐकून हसावं तसं, समजूतदार. “ती व्हय? ती आली न्हवं का मगाशी. मागल्या दारानं. पानी पाजलं मला, हितं बसली वाईच.”

मी भावजयीकडं बघितलं. ती उंबऱ्याशी उभी होती. “कोण न्हाई आलं वन्सं,” ती हळूच म्हणाली. “सकाळधरनं माझ्या हातचं पानी बी घेतलं न्हाई त्यांनी.” उशाशी तांब्या होता. मी तो उचलला, रिकामा होता. भावजय म्हणाली तिनं भरून ठेवला होता. सांडला असेल. मी खाटेखाली हात फिरवून बघितला, फरशी कोरडी होती.

दुपारभर त्यांच्याजवळ बसले. ते हाक मारत राहिले, माझ्या नावानं, पूर्वीच्याच आवाजात, विहिरीपासून मारायचे तशी. पहिल्या हाकेलाच मी म्हटलं, “ओ, आबा.”

“तुमास्नी न्हवं, पावणं. तिला बोलीवतोय.”

असं कितीदा झालं. जिच्यासाठी धावत आले ती हाक माझ्या कानावर पडत होती आणि माझी नव्हती. मला तिचा मत्सर वाटला, उघड सांगते. जिला मरू द्यायचं नाही म्हणून मी जपलं, तीच माझ्या आधी येऊन माझ्या जागेवर बसली होती.

उन्हं कलल्यावर आबा अस्वस्थ झाले. माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, “पावणं, एक काम करा की. मागल्या दारी जावा आनि तिला हाक मारा. माझा आवाज पोचंना झालाय.”

नाही कशी म्हणणार? परड्यात गेले. विहीर, बांध, पलीकडं ऊस. वाऱ्याची झुळूक नव्हती, पाला हलत नव्हता. जन्मात कधी आपणच आपल्याला हाक मारायची वेळ येत नाही; ते नाव माझ्या तोंडात दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं लागलं. एकदा मारली. थांबले. दुसऱ्यांदा मारली, जरा मोठ्यानं. सासूबाईंचं आठवलं, आणि तिसऱ्या हाकेला तोंड उघडलं होतं तेवढ्यात आतून आबा म्हणाले,

“बास करा, पावणं. आली ती.”

भाऊ-भावजय तेव्हा पुढच्या अंगणात होती, त्यांचं बोलणं मला इथवर ऐकू येत होतं. मी वळले आणि मागल्या दाराच्या उंबऱ्याशीच थांबले. आत आबा कुणाशी तरी बोलत होते, सावकाश, मधे मधे हसत, जसे माझ्याशी बोलायचे.